पाच तारखेच्या आत, पंधरा वर्षांच्या पुढे

घरचा अर्थसंकल्प : लेखांक ९

‘नवीन कररचना घेतली. आता पीपीएफमध्ये पैसे भरायचे कशाला?’ फेब्रुवारी-मार्च आला की हा प्रश्न हल्ली हमखास ऐकू येतो. प्रश्न रास्तच आहे. वर्षानुवर्षं लोकांनी हे खातं ‘८०सी’च्या दीड लाखाच्या वजावटीसाठी उघडलं. ऑफिसातून पुरावे मागणारा निरोप यायचा, मग ३१ मार्चच्या आत पोस्टात नाहीतर बँकेत जाऊन जमेल तेवढी रक्कम भरायची आणि पावतीची झेरॉक्स जोडायची. नवीन कररचनेत ती वजावट नाही, त्यामुळे झेरॉक्सचीही गरज उरली नाही. त्याबरोबर खात्याचं कामही संपलं, अशी बऱ्याच जणांची समजूत झाली आहे.

माझं मत उलट आहे. वजावट हा या खात्याचा छोटा फायदा होता. मोठा फायदा व्याजावर कर नसण्याचा, आणि तो दोन्ही कररचनांमध्ये कायम आहे.

मागच्या लेखांकात आपण मुदत ठेवीवरच्या कराचा हिशेब मांडला होता, तोच इथे लावू. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला उपकर धरून ३१.२ टक्के कर पडतो. ७.१ टक्क्यांच्या मुदत ठेवीतून त्याच्या हाती ४.८८ टक्के उरतात. पीपीएफचे ७.१ म्हणजे हातात ७.१. एवढे मुदत ठेवीतून सुटायचे, तर ठेवीचा दर १०.३ टक्के हवा. २० टक्क्यांच्या टप्प्यातल्यालाही जवळजवळ ९ टक्क्यांची ठेव शोधावी लागेल. सरकारी हमीसह असा दर आज कुठे मिळतो, ते वाचकांनीच सांगावं.

मात्र सगळ्यांना हे सारखंच लागू नाही. नवीन कररचनेत ज्यांचं उत्पन्न १२ लाखांच्या आत आहे आणि ज्यांचा कर शून्य येतो, त्यांना करमुक्त व्याजाचं आज फारसं अप्रूप नाही. त्यांनी इतर अल्पबचत योजनांचे दर जरूर ताडून पाहावेत. पण आज तिशीत असलेल्या माणसाचा पगार पंधरा वर्षं तिथेच थांबणार नाही. खातं आत्ता ५०० रुपयांनी उघडून ठेवलं, तर कर लागायला लागेल तोवर त्याची बरीच मुदत सरलेली असेल. वर्षाला किमान रक्कम एवढीच लागते.

आता दराविषयी. भविष्य निर्वाह निधीचा लाभ नसलेल्या लोकांचीही सोय व्हावी म्हणून १९६८मध्ये ही योजना सुरू झाली, तेव्हा व्याज होतं ४.८ टक्के. १९८६पासून जानेवारी २०००पर्यंत ते तब्बल १२ टक्के होतं. घरातली वडीलधारी मंडळी आजही ज्या पीपीएफचे गोडवे गातात, ते या काळातलं. पुढे दर उतरत गेला आणि एप्रिल २०२०पासून ७.१वर थांबला आहे. मध्ये ३१ मार्च २०२१ला तो ६.४ केल्याचं परिपत्रक निघालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ते मागे घेतल्याचं जाहीर केलं. दिवस १ एप्रिलचा असल्याने पुष्कळांना ही बातमीही थट्टा वाटली. सांगायचा मुद्दा असा की, दराचा आढावा दर तिमाहीला होतो आणि बदललेला दर तुमच्या जुन्या-नव्या सगळ्या शिलकीला लागतो. मुदत ठेवीसारखा तो सुरुवातीला बांधून मिळत नाही. त्यामुळे पुढचे आकडे ७.१ टक्के कायम राहतील असं धरून केले आहेत, एवढं लक्षात ठेवा.

व्याज वर्षअखेरीस ३१ मार्चला जमा होतं, पण मोजलं जातं दरमहा. पाच तारखेचा व्यवहार संपल्यापासून महिनाअखेरीपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावर त्या महिन्याचं व्याज. म्हणजे ४ एप्रिलला भरलेल्या दीड लाखाला एप्रिलचं व्याज मिळतं, ६ एप्रिलला भरलेल्याला नाही. दोन दिवसांच्या आळसाची किंमत ८८७ रुपये. चेकने भरत असाल तर चेक दिल्याची तारीख धरत नाहीत, वटल्याची धरतात. तेव्हा ४ तारखेला चेक टाकून निर्धास्त राहू नका.

हे झालं दोन दिवसांचं. वर्षभर थांबून ३१ मार्चला भरणाऱ्याचं काय होतं? दरवर्षी १ ते ५ एप्रिलमध्ये दीड लाख भरणाऱ्याचे पंधरा वर्षांत ४० लाख ६८ हजार होतात. तेवढेच पैसे तेवढीच वर्षं, पण दर ३१ मार्चला भरणाऱ्याचे ३७ लाख ९८ हजार. दोघांनीही खिशातून साडेबावीस लाखच काढले, फरक २ लाख ७० हजारांचा. करबचतीची घाई दरवर्षी मार्चमध्ये करण्याची ही किंमत, आणि वजावटीच्या काळात आपण सगळ्यांनी ती आनंदाने मोजली.

एकदम दीड लाख काढणं प्रत्येकाला झेपत नाही. दरमहा साडेबारा हजार भरायचे असतील तर बँकेला महिन्याच्या १ तारखेची स्थायी सूचना द्या. पगार ७ तारखेला होत असेल तर तो हप्ता पुढच्या महिन्याच्या १ तारखेला जाऊ द्या. ८ तारखेला भरला तरी व्याज पुढच्या महिन्यापासूनच धरणार आहेत.

पैसे काढतानाही हाच नियम, हे मात्र फार थोड्या लोकांना माहीत असतं. २८ तारखेला रक्कम काढलीत तर तिच्यावरचं त्या अख्ख्या महिन्याचं व्याज गेलं. चार-पाच दिवस थांबून पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला काढली, तर सरलेल्या महिन्याचं व्याज पूर्ण मिळतं. भरायचं पाचच्या आत, काढायचं तेही पाचच्या आत.

कुटुंबाचा विचार करताना दोन गोष्टींत गोंधळ होतो. नवरा आणि बायको दोघांची स्वतंत्र खाती असू शकतात आणि दोघांना दीड-दीड लाखाची स्वतंत्र मर्यादा मिळते. बायकोला स्वतःचं उत्पन्न नसेल आणि नवऱ्याने दिलेले पैसे तिच्या खात्यात गेले, तर ते व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात धरावं लागतं खरं. पण जे व्याज मुळातच करमुक्त आहे ते त्याच्यात मिळवून कर काय वाढणार? घरातला एकच माणूस कमावता असेल तेव्हा ही सोय वापरावी. मुलांचं मात्र तसं नाही. अज्ञान मुलाच्या खात्यात पालक जे भरतो ते आणि त्या पालकाच्या स्वतःच्या खात्यातलं मिळून दीड लाखच. जास्तीच्या रकमेला व्याज नाही. एका व्यक्तीच्या नावावर पोस्टात एक आणि बँकेत एक असंही चालत नाही.

मुलगा-सून परदेशी गेले असतील तर त्यांचं जुनं खातं मुदत संपेपर्यंत चालतं. अनिवासी झाल्यावर नवीन उघडता येत नाही, मुदतवाढही मिळत नाही. शिवाय हे व्याज इथे करमुक्त असलं, तरी अमेरिकेत राहणाऱ्याला ते तिथल्या विवरणपत्रात दाखवावं लागतं. इथल्या सीएने ‘टॅक्स फ्री’ म्हटलं की बरेच जण तेवढ्यावर स्वस्थ बसतात.

आता पंधरा वर्षांचं. आधी मुदत मोजायची कशी ते पाहा. पासबुकाच्या पहिल्या पानावर खातं उघडल्याची तारीख असते. समजा ती २० ऑगस्ट २०१० आहे. पंधरा वर्षं त्या तारखेपासून मोजत नाहीत, ते आर्थिक वर्ष संपल्यापासून मोजतात. म्हणजे ३१ मार्च २०११पासून पुढे पंधरा वर्षं, ३१ मार्च २०२६पर्यंत. एप्रिलमध्ये उघडलेलं खातं त्यामुळे जवळजवळ सोळा वर्षं चालतं.

त्या दिवशी तुमच्यापुढे तीन वाटा असतात. पैसे काढून खातं बंद करा. काहीच करू नका. खातं आपोआप चालू राहतं, चालू दराने करमुक्त व्याज मिळतं आणि वर्षातून एकदा हवी ती रक्कम काढता येते. किंवा एका वर्षाच्या आत ‘फॉर्म ४’ (पूर्वीचा ‘फॉर्म एच’) देऊन पाच वर्षांची मुदतवाढ घ्या आणि पैसे भरत राहा. अशी मुदतवाढ पुन्हा पुन्हा, पाच-पाच वर्षांनी घेता येते. भरणा चालू ठेवलात तर त्या पाच वर्षांत सुरुवातीच्या शिलकीच्या ६० टक्क्यांपर्यंतच काढता येते, आणि तेही वर्षातून एकदाच.

यात एक खड्डा आहे. फॉर्म न देता नुसते पैसे भरत राहिलात तर त्या पैशांना व्याज नाही आणि वजावटही नाही. अनेक ठिकाणी ऑनलाइन भरणा बिनबोभाट स्वीकारला जातो, त्यामुळे सगळं सुरळीत आहे असं वाटत राहतं. वर्ष उलटून गेलं की भरण्यासह मुदतवाढीचा पर्याय कायमचा बंद होतो. वरच्या उदाहरणातल्या माणसाला ३१ मार्च २०२७ ही शेवटची तारीख.

आता आकडे. एप्रिलमध्ये भरणाऱ्याचे ४० लाख ६८ हजार त्याने नुसते ठेवले तर पाच वर्षांत ५७ लाख ३३ हजार होतात. भरणाही चालू ठेवला तर ६६ लाख ५८ हजार, आणि आणखी पाच वर्षांनी एक कोटी तीन लाखांच्या घरात. पहिल्या पंधरा वर्षांत व्याज मिळालं सव्वाअठरा लाखांच्या आसपास. पुढच्या दहा वर्षांत ते सत्तेचाळीस लाखांच्या वर जातं. पंधराव्या वर्षी पैसे काढून मुदत ठेवीत टाकणारा माणूस हा भाग सोडून देतो, आणि वर ठेवीच्या व्याजावर कर भरतो. निवृत्तीला आलेल्यांना दुसरी वाट बरी: ४० लाख ६८ हजार तसेच ठेवून दर एप्रिलमध्ये फक्त व्याज काढलं, तर वर्षाला २ लाख ८८ हजार रुपये हातात येतात, त्यातला एक पैसाही कराला जात नाही.

मग हे कोणी सांगत का नाही? कारण सांगण्यात कोणाचा फायदा नाही. पीपीएफवर एजंटांना मिळणारं कमिशन डिसेंबर २०११पासून बंद झालं. मुदत संपत आली की तुम्हाला फोन येतो तो ‘एवढी रक्कम येतेय, कुठे गुंतवायची ठरवलंय का’ असं विचारणारा. फॉर्म ४ची आठवण करून देणारा नव्हे.

बाकीचे नियम थोडक्यात. तिसऱ्या आर्थिक वर्षापासून सहाव्यापर्यंत मर्यादित कर्ज मिळतं, सातव्यापासून काही रक्कम काढता येते. एखाद्या वर्षी किमान ५०० भरायचे राहिले तर खातं बंद पडतं. व्याज चालू राहतं पण कर्ज नाही, उचल नाही. चुकलेल्या दर वर्षाचे ५०० आणि ५० रुपये दंड भरला की ते पुन्हा सुरू होतं. कर्जवसुलीसाठी कोर्टाच्या हुकुमाने या रकमेवर जप्ती आणता येत नाही, हे धंदा करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

सगळी बचत इथेच टाका असं मी म्हणणार नाही. वीस-पंचवीस वर्षांच्या पल्ल्यात महागाईला मागे टाकायचं तर शेअर बाजारातला हिस्साही लागतो. शिवाय नोकरदाराला आधी ऐच्छिक भविष्य निर्वाह निधी पाहावा लागेल: तिथे दर जास्त आहे आणि स्वतःच्या वर्षाला अडीच लाखांपर्यंतच्या वर्गणीवरचं व्याज करमुक्त आहे. पण ज्या पैशाला धोका नको, त्याच्यासाठी मला तरी पीपीएफपेक्षा बरी जागा दिसत नाही, वजावट असो वा नसो.

आज घरातली सगळी पासबुकं काढा, आईवडिलांचीही. पहिल्या पानावरची तारीख पाहा, मुदत कधी संपते ते पेन्सिलीने तिथेच लिहा आणि नॉमिनीचं नाव जुनं झालं असेल तर बदलून घ्या. मुदत संपून वर्ष व्हायला आलं असेल तर याच आठवड्यात शाखेत जा. पुढच्या लेखांकात सुकन्या समृद्धी. दहा वर्षांच्या आतली मुलगी घरात असेल तर तोपर्यंत तिचा जन्मदाखला शोधून ठेवा.