द्राक्षमळ्यांच्या गावातील सहकार

फ्रान्सच्या दक्षिणेस, भूमध्य समुद्राला लागून असलेल्या लाँगदॉक प्रदेशात मारोसाँ हे छोटे गाव आहे. बेझिए शहरापासून ते अवघ्या काही किलोमीटरवर वसले आहे. उन्हाळ्यात येथे जाणाऱ्या प्रवाशाला निरभ्र आकाश, लख्ख ऊन आणि दूरवर पसरलेले द्राक्षमळे दिसतात. पाऊस मुख्यत्वे शरद ऋतूत व हिवाळ्यात पडतो. वायव्येकडून वाहणारा कोरडा वारा वेलींवरील ओलावा लवकर सुकवितो व बुरशीच्या रोगांना आळा घालतो. द्राक्षाला मानवणारे असे हे हवामान आहे.

तथापि, अनुकूल हवामानाने उत्पादकाच्या पदरात योग्य मोबदला पडतोच असे नाही, हेही याच गावाच्या इतिहासावरून दिसून येते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा या सूक्ष्म किडीने वेलींच्या मुळांवर हल्ला केला आणि मळेच्या मळे वाळून गेले. अमेरिकन खुंटांवर कलमे बांधून ते पुन्हा उभे करण्यात आले. परंतु १९०० च्या सुमारास उत्पादन वाढून वाइनचे भाव कोसळले. लहान उत्पादकाजवळ वाइन साठविण्याची पुरेशी सोय नव्हती. त्यामुळे हंगाम संपताच व्यापारी देईल तो भाव पत्करण्यावाचून त्याला गत्यंतर नसे.

या अडचणीतून १९०१ मध्ये मारोसाँ येथील लहान उत्पादकांनी एली काताला यांच्या पुढाकाराने ‘स्वतंत्र द्राक्ष-उत्पादक’ या नावाची सहकारी संस्था स्थापन केली. सभासदांची वाइन एकत्र करून ती पॅरिसमधील ग्राहक सहकारी संस्थांना थेट विकावयाची, अशी ही योजना होती. १९०५ मध्ये संस्थेने वाइन तयार करण्यासाठी व साठविण्यासाठी सामाईक तळघर बांधले. त्याच वर्षी समाजवादी नेते जाँ जोरेस यांनी गावास भेट देऊन या प्रयोगाची माहिती आपल्या वृत्तपत्रातून देशापुढे मांडली.

असंघटित उत्पादकांचा असंतोष मात्र वाढतच गेला. १९०७ मध्ये या प्रदेशात प्रचंड मोर्चे निघाले. जून महिन्यात नार्बोन शहरात सैन्याच्या गोळीबारात माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर २९ जून १९०७ रोजी वाइनमधील भेसळीस पायबंद घालणारा कायदा संमत झाला. त्यान्वये प्रत्येक उत्पादकाने आपले उत्पादन व शिल्लक साठा जाहीर करणे बंधनकारक झाले. पुढील काही दशकांत सहकारी तळघरे लाँगदॉकच्या गावोगावी उभी राहिली.

मारोसाँचे ते जुने तळघर आजही उभे आहे. ‘सर्व प्रत्येकासाठी, प्रत्येक सर्वांसाठी’ हे संस्थेचे ब्रीद होते. पीक काढण्याइतकेच ते राखून ठेवण्याचे व योग्य वेळी विकण्याचे सामर्थ्य महत्त्वाचे आहे. एकट्या लहान उत्पादकाजवळ नसलेले हे सामर्थ्य मारोसाँच्या उत्पादकांनी एकत्र येऊन मिळविले.