घर विकायला काढण्यापूर्वी

आपल्या बाजारपेठेतला कोणताही दुकानदार सकाळी शटर वर केल्यावर आधी झाडू मारतो, काल उलगडलेले तागे पुन्हा घडी करून लावतो आणि चांगला माल दर्शनी भागात मांडतो. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत दुकान भरले पाहिजे, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु हाच दुकानदार राहते घर विकायला काढतो, तेव्हा दलालाने आणलेल्या गिऱ्हाइकाला दोरीवरचे ओले कपडे बाजूला सारत आणि कोपऱ्यातल्या गोण्या ओलांडत घर दाखवतो. पाचशे रुपयांच्या विक्रीसाठी जी काळजी घेतली जाते, ती आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या सौद्यात घेतली जात नाही.

घर बहुधा गरजेपोटीच विकले जाते. धंद्याचे देणे असते, मुलीचे लग्न असते किंवा वडिलांच्या पश्चात वारसांची वाटणी व्हायची असते. अशा वेळी चार-सहा महिने घर पडून राहिले की मोहल्ल्यात चर्चा सुरू होते, ‘घरात काहीतरी खोट असणार, म्हणून जात नाही.’ मग येणारे प्रत्येक गिऱ्हाईक भाव पाडूनच मागते. म्हणून घर दाखवायला काढण्याआधीचे आठ-दहा दिवस फार मोलाचे आहेत.

अमेरिकेत १९७०च्या दशकापासून विकाऊ घर सजवून देण्याचा स्वतंत्र धंदाच उभा राहिला. तेथे भाड्याने सोफे आणि पडदे आणून घर मांडतात. आपल्याला इतके करण्याची गरज नाही. परंतु त्यामागचे तत्त्व समजून घेण्यासारखे आहे. गिऱ्हाईक तुमचा संसार पाहायला आलेले नसते, आपला संसार तेथे कसा मांडता येईल हे ते पाहत असते. त्याला भिंती, खिडक्या आणि मोकळी जमीन दिसली पाहिजे.

त्यासाठी पहिले काम सामान कमी करण्याचे. कारागिरांच्या घरात ही अडचण जास्त असते, कारण घर हाच कारखाना असतो. शिलाई मशीन, कापडाचे गठ्ठे, जरीकामाची चौकट, तयार मालाचे खोके, यांतून वाट काढत गिऱ्हाईक दोन मिनिटांत बाहेर पडते आणि जाताना ‘जागा लहान आहे’ असे सांगते. जागा लहान नसते, ती दिसलेलीच नसते. हा माल महिनाभर एखाद्या नातेवाइकाकडे किंवा गाळ्यात हलवावा. माळ्यावरच्या जुन्या पेट्या आणि रिकामे डबेही काढावेत, कारण जाणते गिऱ्हाईक मान वर करून माळा पाहतेच. मात्र घर पूर्ण रिकामे करू नये. मोकळ्या खोलीत पलंग किती जागा घेईल याचा अंदाज येत नाही. एक पलंग, एक कपाट, दोन खुर्च्या असू द्याव्यात.

दुसरे काम दुरुस्तीचे. टपकणारा नळ, न लागणारी कडी, पावसाने फुगून अडकणारे दार, हलणारे बटण ही कामे थोडक्या खर्चात होतात, पण अशी एकेक खोट पाहून गिऱ्हाईक मनात हजारो रुपये वजा करीत जाते. भिंतींना फिकट रंगाचा हात द्यावा. आपल्या आवडीचा गडद हिरवा किंवा गुलाबी रंग दुसऱ्याला आवडेलच असे नाही. उलट स्वयंपाकघराचा ओटा नवा करणे, भारी फरशी बसवणे असले मोठे खर्च करू नयेत. नवा मालक ते बहुतेक वेळा फोडून आपल्या मनासारखे करतो आणि आपला पैसा वसूल होत नाही.

उजेड आणि वास यांकडे घरातल्यांचे लक्ष जात नाही, कारण त्यांना सवय झालेली असते. खिडकीला टेकवलेले कपाट हलवावे, काचा पुसाव्यात, मंद झालेले दिवे बदलावेत. कोकणात सुक्या मासळीचा डबा त्या दिवसांपुरता बाहेर ठेवलेला बरा. तो वास दडपण्यासाठी मूठभर अगरबत्त्या लावल्या, तर गिऱ्हाइकाला वेगळाच संशय येतो.

घर दाखवण्याची वेळ आधी ठरवून घ्यावी. दलालाने भरदुपारी अचानक माणसे आणायची आणि घरातल्या स्त्रियांची धावपळ उडायची, हे बरे नव्हे. शक्यतो सकाळचा उजेड असताना, कुटुंबासह या असे सांगावे. आलेल्या बहिणींना स्वयंपाकघर आणि मोरी घरातल्या बाईनेच दाखवावी. पाणी किती वाजता येते, धूर बाहेर जातो की नाही, हे प्रश्न त्याच विचारतात आणि पुष्कळदा सौदा तेथेच ठरतो.

आता महत्त्वाचा मुद्दा. घर सजवणे आणि घराचा ऐब झाकणे यांत फरक आहे. ओल आलेल्या भिंतीवर उन्हाळ्यात रंग मारला तर ती मे महिन्यात कोरीच दिसते. पाऊस लागला की तेथेच पोपडे सुटतात आणि पांढरे क्षार फुटतात. तडा गेलेल्या भिंतीपुढे मुद्दाम कपाट उभे करणे हाही त्यातलाच प्रकार. सहीह मुस्लिममधील हदीस आपणा सर्वांना ठाऊक आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले. त्यावर, भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले, आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही असे बजावले. देशाचा कायदाही हेच सांगतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ नुसार, खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा मोठा दोष विक्रेत्याला ठाऊक असेल तर तो त्याने सांगितलाच पाहिजे. न सांगणे ही लबाडी ठरते.

चिपळूणला आमच्या मामूंनी घर विकायला काढले तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला. २२ जुलै २०२१ च्या महापुरात घरात पाणी शिरले होते. भिंतीवर त्याची तपकिरी रेघ राहिली होती. रंगाऱ्याने एका दिवसात ती नाहीशी केली असती. पण २००५ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या गावात ‘पाणी कुठवर आले होते?’ हा प्रत्येकाचा पहिलाच प्रश्न असतो आणि शेजारी खरे ते सांगतातच. मामूंनी सगळे घर रंगवले, फक्त जिन्याखाली ती रेघ तशीच ठेवली. विजेचा मीटर आणि सगळी बटणे रेघेच्या वर घेतली, आणि येणाऱ्याला आधी ती जागा दाखवू लागले. दोघे-तिघे तेथूनच परतले. ज्याने घेतले त्याने त्या रेघेमुळे भाव थोडा कमी केला, परंतु विसार दिल्यावर मागे फिरला नाही.

कागदपत्रांची फाइलही घराइतकीच नीट लावलेली असावी. खरेदीखत, मालमत्ता पत्रक, घरपट्टी आणि विजेच्या पावत्या, ब्लॉक असेल तर सोसायटीचा भाग दाखला. घर वडिलांच्या नावावर असेल तर बहिणींसह सर्व वारसांची संमती आधी घ्यावी. भावांनी परस्पर ठरवलेला सौदा बहिणीच्या सहीवाचून अडल्याची उदाहरणे आपल्याकडे कमी नाहीत.

आपल्या रंगारी, सुतार आणि प्लंबर बांधवांसाठी यात एक काम दडलेले आहे. तिघांनी मिळून ‘विक्रीपूर्वी घर तयार करून देऊ’ असा एकच ठेका घेतला, तर मालकाची धावपळ वाचते आणि दलालच पुढची कामे आणून देतात. दर आधी लिहून द्यावा आणि मजुरी काम संपताच घ्यावी. ‘घर विकल्यावर देतो’ हा वायदा स्वीकारू नये. घर कधी विकले जाईल, ते मालकालाही ठाऊक नसते.