कबुतरांचं घरटं : वाडगं आणि काड्या

मागच्या वेळी आपण दाणापाण्याविषयी बोललो, आज घरट्याविषयी बोलू. जोड्या लावायचा हंगाम आला की आम्हां ढाबळवाल्यांकडे एक प्रश्न हमखास येतो : नर चांगला, मादी चांगली, अंडी दोन्ही फुटली, तरी पिल्लू पाय फाकवून पोटावर सरपटतंय, असं का? कुणी रक्तात दोष शोधतं, कुणी कॅल्शियमची बाटली आणतं. पुष्कळदा उत्तर त्या पिल्लाच्या पोटाखालीच असतं.

आपलं पाळीव कबुतर म्हणजे मूळचा पारवा. तो राहायचा कड्याकपारीत. आजही किल्ल्याच्या तटातली भोकं, जुन्या विहिरीतले कोनाडे पाहा, तिथं पारव्याचं घरटं दिसेल. घरटं कसलं, मूठभर काटक्या! सुगरणीसारखं विणकाम याला येत नाही. पण त्या मूठभर काटक्यांना दोन कामं असतात. एक, अंडं घरंगळू नये. दुसरं, पिल्लाच्या पायांना पकड मिळावी. आपण ढाबळीत त्याला गुळगुळीत लाकडी खण देतो, म्हणजे ही दोन्ही कामं आपल्या अंगावर येतात.

पायाचं गणित साधं आहे. पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा आंधळं असतं आणि उभंही राहता येत नाही. पण वाढीचा वेग असा, की आठवड्याभरात ओळखू येत नाही. वरती आई किंवा बाप बसलेला, त्याचं वजन. खालची जागा सपाट आणि निसरडी असली, तर पिल्लाचे पाय दोन्ही बाजूंना घसरत राहतात आणि खुब्याचा सांधा तसाच घट्ट होत जातो. पहिल्या आठवड्यात लक्षात आलं, तर दोन्ही पाय नेहमीच्या अंतरावर ठेवून मऊ चिकटपट्टीनं सैलसर जोडता येतात, काही दिवसांत फरक पडतो. हाडं कठीण झाल्यावर मात्र काही होत नाही. आणि असं पिल्लू पुढं उडण्याच्या कामाचं राहत नाही, हे तुम्हांला सांगायला नको.

म्हणून वाडगं. आम्ही मातीचं पसंत करतो. कुंभाराकडं पसरट परळ मिळते ना, तशी, पण थोडी खोल. होमरसारख्या मध्यम जातीला तोंडाशी ८-९ इंच आणि खोली ३ इंचांच्या आसपास पुरे होते. मोठ्या अंगाच्या जातीला त्याहून रुंद हवं. तळ आतून बशीसारखा गोल उतरता पाहिजे, म्हणजे दोन्ही अंडी आपोआप मध्यावर, पोटाखाली येतात. सपाट तळाचं भांडं असेल तर एक अंडं बाजूला जातं आणि गार पडतं. माती जड असते, कबुतर काठावर उतरलं तरी कलंडत नाही. ओल शोषते, आणि आतून जरा खरबरीत असते. प्लॅस्टिकची वाडगी धुवायला सोपी, हे खरं, पण हलकी आणि निसरडी. ती वापरायची तर खाली स्क्रूनं पक्की करा आणि आत काड्यांचा थर जाड ठेवा. पावसाळ्यात मात्र माती लवकर वाळत नाही, तेव्हा एक जादा जोड हाताशी ठेवलेला बरा.

आता काड्या. इथं बरेच जण घाई करतात. स्वतःच सुबक घरटं करून वाडग्यात बसवून देतात, आणि वर कौतुकानं दाखवतात! आमचं म्हणणं, थोडासा थर तुम्ही घाला, बाकी काड्या ढाबळीच्या कोपऱ्यात ठेवा. नर एका खेपेला एकच काडी उचलतो, चालत किंवा उडत खणात येतो आणि बसलेल्या मादीला मागून, कधी तिच्या पाठीवर चढून, ती देतो. मादी ती पोटाखाली ओढून घेते. पुन्हा खेप. हे दिवसचे दिवस चालतं.

यात वेळ वाया जात नाही. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात डॅनियल लेहरमन यांनी पाळीव होल्यांवर प्रयोग केले होते, १९६४ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांवर त्यांचा लेखही आला. होला हा कबुताराच्याच कुळातला. नर-मादी पिंजऱ्यात सोडून लगेच तयार घरटं आणि अंडी समोर ठेवली, तर ती बसली नाहीत. पाच-सात दिवस प्रणय आणि घरटं बांधणं झाल्यावरच बसली. एकटा पक्षी तर बसलाच नाही. आठवडाभर जोडी, वाडगं आणि काड्या हे सगळं मिळालेले पक्षी मात्र अंडी ठेवताच जवळजवळ लगेच बसले. म्हणजे जोडीदार दिसणं आणि काड्यांची ने-आण यांनी त्यांच्या अंगातले संप्रेरक बदलतात, उबवण्याची तयारी होते. तयार घरटं देऊन आपण त्यांचं हे काम काढून घेतो.

काडी कसली? चार ते सहा इंच लांब, काडेपेटीतल्या काडीएवढी किंवा जरा बारीक, आणि कोरडी. कडुनिंबाच्या बारीक काटक्या आम्हांला सगळ्यांत आवडतात. सहज मिळतात आणि उवा-किड्यांनाही त्या फारशा मानवत नाहीत. जुन्या खराट्याचे हीर तोडून घातले तरी चालतं, टोकं बोचरी नसावीत. परदेशात तंबाखूचे देठ वापरायची जुनी चाल आहे, निकोटिनमुळं किडे कमी होतात म्हणून. आपल्याकडं निपाणी पट्ट्यात ते मिळणं अवघड नाही, पण चुरा नको, फक्त जाड सुके देठ. भाताचा पेंढा उन्हाळ्यात ठीक. पावसाळ्यात त्याला बुरशी येते, आणि ती बुरशी पिल्लाच्या फुप्फुसात जाते. वास घेऊन पाहा, कुबट असेल तर फेकून द्या.

दोरा, सुतळी, गोणपाटाचे धागे, केस हे अजिबात नको. पिल्लाच्या बोटाला धागा गुंडाळला, की पाय वाढतो आणि धागा रुततो. रस्त्यावरच्या पारव्यांची बोटं तुटलेली दिसतात, त्यामागं हेही एक कारण आहे. पॅरिसमधल्या अशा कबुतरांवरचा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. जिथं केशकर्तनालयं जास्त, तिथं तुटक्या बोटांचे पक्षी जास्त, असं त्यात आढळलं.

अंडी दोन. पहिल्यानंतर साधारण दोन दिवसांनी दुसरं, आणि तिथून १७-१८ दिवसांत पिल्लं. दिवसा मधले काही तास नर बसतो, बाकी सगळा वेळ, रात्र धरून, मादी. हे तुम्ही पाहताच. पण एक गोष्ट विसरली जाते. पिल्लं दोन-तीन आठवड्यांची होतात न होतात, तोच मादी पुढची अंडी घालायच्या तयारीत असते. खणात एकच वाडगं असेल, तर ती घाणीत किंवा पिल्लांच्या मध्येच अंडी घालते, आणि अंगावर वाढलेली पिल्लं ती फोडतात. म्हणून प्रत्येक खणात दोन वाडगी. पिल्लं पंधरा दिवसांची झाली की दुसरं स्वच्छ वाडगं थोड्या काड्यांसह ठेवायचं, नराला नव्या काड्या पुरवायच्या.

पिल्लं मोठी होऊ लागली की वाडग्याच्या काठावर विष्ठेचा थर चढतो. आईबाप तो काढत नाहीत. मधल्या ओल्या काड्या बदला, पण सगळं घरटं उपसू नका. पिल्लं गेल्यावर मात्र जुन्या काड्या पिशवीत बांधून टाकायच्या, वाडगं घासून कडक उन्हात वाळवायचं. हे काम करताना तोंडाला मास्क हवाच. विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली, तर कायमचा दमा-खोकला आणि त्याहून वाईट होऊ शकतं. मुंबईत २०२५ साली कबुतरखान्यांवरून जो वाद झाला, त्याच्या मुळाशी हीच भीती होती. आम्ही तर पाणी शिंपडूनच खरवडतो, कोरडं झाडत नाही.

शेवटी चिठ्ठीतला एक प्रश्न : खिडकीत पारव्यानं दोन काड्या टाकून अंडी घातलीत, तर वाडगं ठेवावं का? आमचं उत्तर, नको. तिला त्या काड्या पुरतात. वाडगं ठेवलंत, तर ती जोडी पुढच्या महिन्यात तिथंच परत येईल, आणि घरात कुणाला दम्याचा त्रास असेल तर तो तुमच्याच माथी. ही पिल्लं उडून जाऊ द्या, मग ती जागा धुऊन जाळी लावा.