परवानगी कोणाच्या नावाने?

१५ ऑगस्ट १९४२. 'भारत छोडो'ची हाक देऊन जेमतेम आठवडा झाला होता. त्या दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी एक वटहुकूम काढला. कॅप्टन किंवा त्यावरच्या हुद्द्याच्या लष्करी अधिकाऱ्याला आंदोलकांविरुद्ध जीव जाईपर्यंत बळ वापरण्याची मुभा या वटहुकमाने दिली. पुढे त्याबद्दल खटला भरायचा, तर आधी सरकारची परवानगी घ्यावी लागेल, अशी तजवीजही करून ठेवली.

दुसऱ्याच दिवशी, नागपंचमीला, आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूर गावात मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. खवळलेल्या जमावाने सरकारी अधिकाऱ्यांना ठार मारले. तीन दिवसांनी गोऱ्या सैनिकांची तुकडी गावात शिरली. पुरुषांची धरपकड झाली, घरे लुटली गेली आणि गावातल्या बायकांवर अत्याचार झाले. तक्रारी नागपूरपर्यंत पोहोचल्या, पण सरकारने चौकशीला साफ नकार दिला.

तेव्हा सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक जयकृष्ण भणसाळी पुढे आले. ते दिल्लीला गेले आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातले सदस्य लोकनायक बापूजी अणे यांच्याकडे त्यांनी चिमूरच्या चौकशीची मागणी केली. ती मान्य होईना, म्हणून त्यांनी अन्नत्याग केला. हे उपोषण ६३ दिवस चालले. सरकारने त्याच्या बातम्या छापायला बंदी घातली. निषेध म्हणून ६ जानेवारी १९४३ रोजी देशातल्या अनेक वृत्तपत्रांनी अंकच काढला नाही. भणसाळी मागत होते ते एवढेच: शस्त्रधारी माणसाने निःशस्त्र माणसावर जे केले, त्याची चौकशी व्हावी.

वटहुकमाचा कायदा झाला

इंग्रज गेले, पण वटहुकमाचा साचा राहिला. नागा टेकड्यांतल्या बंडाला तोंड देण्यासाठी १९५८ साली गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी सशस्त्र दले विशेषाधिकार विधेयक संसदेत आणले. तोच आजचा 'अफ्स्पा'. काही तासांच्या चर्चेत ते मंजूर झाले. मणिपूरचे खासदार लैश्राम अचौ सिंग यांनी त्याला कडाडून विरोध केला. ओडिशाचे सुरेंद्र मोहंती यांनी, हवालदाराला माणूस टिपण्याचा अधिकार देणारा देश आम्हाला नको, अशा आशयाचे भाषण केले. त्यांच्या रागाला कारण होते. इंग्रजांनी हा अधिकार कॅप्टनपर्यंत ठेवला होता, तर स्वतंत्र भारताने तो नॉन-कमिशन्ड अधिकाऱ्यापर्यंत, म्हणजे हवालदारासारख्यांपर्यंत खाली आणला.

या कायद्याचे चौथे आणि सहावे कलम नीट समजून घेतले पाहिजे. सरकारने एखादा प्रदेश 'अशांत' जाहीर केला की चौथे कलम लागू होते. जमावबंदी मोडणाऱ्यावर किंवा शस्त्र बाळगणाऱ्यावर इशारा देऊन, प्राण जाईपर्यंत गोळी चालवता येते. वॉरंटाशिवाय अटक करता येते, घराची झडती घेता येते. सहावे कलम सांगते की या अधिकारात केलेल्या कृत्याबद्दल केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय खटला किंवा दावा चालवता येणार नाही. १९४२ चा वटहुकूम इथेच जिवंत आहे.

मालोम, कांगला, ओटिंग

मणिपूर १९८० मध्ये 'अशांत' जाहीर झाले. २ नोव्हेंबर २००० रोजी इम्फाळजवळच्या मालोम इथे आसाम रायफल्सच्या गोळीबारात दहा नागरिक मरण पावले. त्यानंतर काही दिवसांतच इरोम शर्मिला यांनी कायदा रद्द व्हावा म्हणून उपोषण सुरू केले. आत्महत्येच्या प्रयत्नाचे कलम लावून त्यांना पुन्हा पुन्हा अटक होत राहिली आणि नाकातल्या नळीने अन्न दिले गेले. ९ ऑगस्ट २०१६ रोजी, ऑगस्ट क्रांतिदिनीच, त्यांनी उपोषण सोडले. त्याला जवळजवळ सोळा वर्षे झाली होती.

२००४ च्या जुलैमध्ये आसाम रायफल्सच्या जवानांनी घरातून नेलेल्या एका तरुणीचा गोळ्यांनी छिन्न झालेला मृतदेह सापडला. चार दिवसांनी बारा आयांनी कांगला किल्ल्यातल्या आसाम रायफल्सच्या ठाण्यासमोर विवस्त्र होऊन निदर्शने केली. देश हादरला. इम्फाळ नगरपालिकेच्या हद्दीतून कायदा उठला, कांगला रिकामा झाला आणि न्यायमूर्ती जीवन रेड्डी समिती नेमली गेली. समितीने २००५ साली कायदा रद्द करण्याची शिफारस केली. ती अमलात आली नाही.

१९७९ ते २०१२ या काळात मणिपुरात १,५२८ माणसे बनावट चकमकींत मारली गेली, अशी याचिका मृतांच्या कुटुंबीयांनी सर्वोच्च न्यायालयात केली. माजी न्यायमूर्ती संतोष हेगडे यांच्या आयोगाने नमुन्यादाखल सहा प्रकरणे तपासली. त्यांतली एकही चकमक खरी निघाली नाही. एका प्रकरणात मारला गेलेला मुलगा बारा वर्षांचा होता. ८ जुलै २०१६ रोजी न्यायमूर्ती मदन लोकूर आणि उदय लळीत यांच्या खंडपीठाने स्पष्ट केले की अशांत भागात सापडला म्हणून कोणी आपोआप शत्रू ठरत नाही, आणि अतिरेकी बळ वापरणाऱ्याला सरसकट अभय नाही.

तरीही सहावे कलम आडवे येतेच. ४ डिसेंबर २०२१ रोजी नागालँडच्या मोन जिल्ह्यात, ओटिंग गावाजवळ, कोळसा खाणीतून घरी परतणाऱ्या सहा मजुरांना लष्करी पथकाने अतिरेकी समजून मारले. त्यानंतर उसळलेल्या संघर्षात आणखी गावकरी आणि एक जवान मरण पावला. गृहमंत्र्यांनी संसदेत खेद व्यक्त केला. नागालँड पोलिसांनी तीस जवानांवर आरोपपत्र ठेवले. केंद्राने परवानगी नाकारली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कार्यवाही थांबवली.

जम्मू-काश्मीरमध्ये असाच विशेषाधिकार कायदा १९९० पासून आहे. तिथली आकडेवारी आपल्याच धुळ्याचे तेव्हाचे खासदार आणि संरक्षण राज्यमंत्री सुभाष भामरे यांनी २०१८ च्या आरंभी राज्यसभेत दिली होती. २००१ पासून परवानगीसाठी ५० प्रकरणे आली. त्यांपैकी ४७ मध्ये ती नाकारली गेली आणि तीन प्रलंबित होती. एकाही प्रकरणात परवानगी दिली गेली नव्हती.

जवानाची बाजू

दुसरी बाजू खरी आहे आणि ती मांडलीच पाहिजे. ४ जून २०१५ रोजी मणिपूरच्या चंदेल जिल्ह्यात दबा धरलेल्या बंडखोरांनी १८ जवानांना मारले. ज्या रस्त्यावर प्रत्येक वळणावर मरण असू शकते, तिथे निर्णयाला क्षण मिळतो. प्रत्येक गोळीमागे फौजदारी खटला लागला तर कोणी लढणार नाही, हा शेकडो सेनाधिकारी आणि जवानांनी न्यायालयात मांडलेला युक्तिवाद गंभीर आहे. लष्कर स्वतःही चौकशी करते. काश्मीरमधल्या माछिलच्या बनावट चकमकीसाठी पाच जणांना लष्करी न्यायालयाने जन्मठेप दिली. पुढे लष्करी न्यायाधिकरणाने ती स्थगित केली.

पण चकमकीतली चूक आणि थंड डोक्याने केलेला खून यांत फरक करणे, हेच तर न्यायालयाचे काम. दारच बंद ठेवले की दोन्ही एकाच अंधारात राहतात आणि संशय प्रामाणिक जवानावरही येतो. ज्याने नियम पाळला, त्याचे नाव चौकशीनेच स्वच्छ होते.

आपला वाटा

मणिपूरचे लोकसभेत दोन खासदार आहेत, नागालँडचा एक. महाराष्ट्राचे अठ्ठेचाळीस आहेत. ओटिंग घडल्यावर नागालँड विधानसभेने कायदा रद्द करण्याचा ठराव केला, पण निर्णय दिल्लीत होतो. दिल्लीतले बहुमत आपल्यासारखी मोठी राज्ये ठरवतात. या कायद्याखाली जगणारे मूठभर आहेत आणि तो टिकवणारे आपण बहुसंख्य. परवानगी नाकारणारे पत्र केंद्र सरकारचे असते आणि ते सरकार आपल्या मतांवर उभे असते. म्हणून ते पत्र आपल्याही नावाने निघते.

जनमताच्या दबावाने काहीच हलत नाही, असे नाही. त्रिपुरातून हा कायदा २०१५ मध्ये उठला, मेघालयातून २०१८ मध्ये. २०२२ मध्ये आसाम, नागालँड, मणिपूरमधले मोठे प्रदेश वगळले गेले. मात्र वांशिक हिंसाचाराने मणिपूर पेटल्यावर २०२४ मध्ये सहा पोलीस ठाण्यांच्या हद्दीत तो पुन्हा लागू झाला.

दिवाळीत आपण सीमेवर फराळ पाठवतो, शुभेच्छापत्रे लिहितो. ते प्रेम खरे आहे आणि ते राहावेच. त्याबरोबर आपल्या खासदाराला एक पत्र लिहू या. खटल्याची परवानगी ठरावीक मुदतीत द्यावी किंवा कारणे देऊन नाकारावी. अशा प्रत्येक निर्णयाची यादी दरवर्षी संसदेपुढे ठेवावी. चौकशी अहवाल जाहीर करावेत. सैन्याच्या गुप्त योजना कोणीच मागत नाही. मेलेल्या नागरिकाचा हिशेब मागतो आहोत. चिमूरसाठी तो भणसाळींनी परक्या सरकारकडे मागितला होता. ओटिंगसाठी तो आपल्याच सरकारकडे मागणे हे आपले कर्तव्य आहे.