नळ-दमयंतीचा हंस कवितेत बोलतो, मग चित्रात गप्प का?

लाल साडीतली दमयंती आणि तिच्यासमोर पांढराशुभ्र हंस. राजा रविवर्मा यांचं ‘हंस-दमयंती’ (१८९९) हे चित्र तुम्ही कॅलेंडरवर किंवा मोबाइलवर कधी ना कधी पाहिलं असेल. मात्र हीच गोष्ट कवितेत वाचली, की हंस वेगळाच भेटतो. नेमका फरक काय? समजून घेऊ.

मूळ कथा काय?

महाभारताच्या वनपर्वात नळ राजा एक हंस पकडतो. सोडलंस तर विदर्भाच्या दमयंतीकडे तुझं कौतुक करेन, असं हंस सांगतो. थोडक्यात, हा सौदा आहे.

कवितेत काय घडतं?

श्रीहर्षाच्या ‘नैषधीयचरित’ या संस्कृत महाकाव्यात आणि त्याच वाटेने जाणाऱ्या रघुनाथ पंडितांच्या मराठी आख्यानात हा सौदा उरत नाही. राजाच्या हातात सापडलेला हंस आक्रोश करतो. घरी म्हातारी आई आहे, बायको आहे, तिचं कसं होईल? नळाला दया येते, तो हंसाला सोडतो. पुढे हंस दमयंतीकडे जातो, तो या उपकाराची फेड म्हणून.

चित्रात काय दिसतं?

फक्त एक क्षण. चित्रकाराला शब्द रंगवता येत नाहीत. म्हणून रविवर्मा हंसाचं बोलणं नाही, तर दमयंतीचं ऐकणं रंगवतात. नळ चित्रात कुठेच नाही, पण तिच्या चेहऱ्यावर आहे. हे कवीला सांगायला अनेक श्लोक लागतात.

असं का होतं?

जर्मन लेखक लेसिंग यांनी १७६६ मध्ये ‘लाओकून’ या ग्रंथात याचं उत्तर दिलं. कविता काळात पुढे सरकते, चित्र जागेत मांडलेलं असतं. आजच्या भाषेत, एक व्हिडीओ आणि दुसरा त्यातला स्क्रीनशॉट. त्यामुळे कोणता क्षण निवडला, यावर सगळं ठरतं.

मग हरवतं काय?

रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. छापील चित्रं घराघरांत पोहोचली आणि अनेकांसाठी हे चित्र म्हणजेच ही गोष्ट झाली. हंस निरोप्या म्हणून लक्षात राहिला, त्याची भीती मात्र चौकटीबाहेर राहिली.

पुढच्या वेळी हे चित्र दिसलं तर एवढं आठवा: दमयंतीशी बोलणारा हा हंस मरणाच्या दारातून परत आलेला आहे.