लांबचा सायकल-प्रवास आणि पंक्चरची पूर्वतयारी

सायकलीवर लांबच्या प्रवासास निघणाऱ्या तरुणांची सामानाची यादी पाहावी, तर तींत पाण्याची बाटली, खाऊ, दिवा, पावसाळी अंगरखा इत्यादि सर्व वस्तु आढळतात. पण पंक्चरचें काय, असें विचारतांच 'वाटेंत कोणी तरी भेटेलच' असें उत्तर येतें. एके काळीं हें उत्तर अगदींच चुकीचें नव्हतें. मोठ्या गांवांत सायकलीचें दुकान असे आणि बहुतेकांच्या चाकांचें माप सारखेंच असे. आज हमरस्त्यावरील पंक्चरचीं दुकानें मुख्यतः मोटारी व फटफट्या यांच्या सेवेसाठीं असतात. बारीक चाकाची ट्यूब तेथें मिळेलच असा भरंवसा नाहीं; आणि नव्या सायकलींना असणाऱ्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हवर तेथील हवेची नळी, जोडतुकडा असल्याखेरीज, बसतही नाहीं.

वस्तुतः पंक्चर ही आकस्मिक आपत्ति नसून हवेच्या चाकाचा तो स्वभावधर्मच आहे. बेलफास्ट येथें पशुवैद्यकाचा व्यवसाय करणाऱ्या जॉन बॉइड डनलप यानें १८८८ सालीं हवेच्या टायरचें पेटंट घेतलें. परंतु तो टायर रिमला पक्का चिकटविलेला असे. छिद्र पडल्यास तो सोडविणें हेंच मोठें दिव्य होतें. १८९१ सालीं फ्रान्समधील मिशलँ बंधूंनीं रिमपासून सुटा करतां येणारा टायर काढला, आणि त्याच वर्षीं पॅरिस ते ब्रेस्ट व परत, अशा सुमारें १२०० किलोमीटरांच्या पहिल्या शर्यतींत शार्ल तेराँ हा त्याच टायरांवर सर्वांच्या आधीं पोंचला. यांतील बोध सूक्ष्म आहे. हवेनें प्रवास सुखाचा केला. तो लांबचा केला, तो वाटेंत स्वतःच्या हातीं दुरुस्त होणाऱ्या चाकानें.

आतां साहित्य. टायरच्या बाजूवर २८-६२२ असे आंकडे उठविलेले असतात. पहिला टायरची रुंदी व दुसरा तो रिमवर जेथें बसतो तेथील व्यास मिलिमीटरांत सांगतो. त्याच मापाच्या व त्याच व्हॉल्व्हच्या दोन नव्या ट्यूबा बरोबर घ्याव्या. वाटेंत ठिगळ लावीत बसण्यापेक्षां ट्यूब बदलावी व ठिगळाचें काम मुक्कामावर करावें. कारण सोल्यूशन लावल्यावर तें बोटास चिकटेनासें होईपर्यंत वाळूं द्यावें लागतें, आणि भर पावसांत तें धड धरतही नाहीं. तथापि ठिगळें, पॉलिश-पेपरचा तुकडा व सोल्यूशनची न उघडलेली नळी असावीच. एकदां उघडलेली नळी पुष्कळदां आंतल्या आंत वाळून ऐन वेळीं दगा देते. टायर उचकटण्याच्या दोन-तीन पट्ट्या, चाक सोडविण्यास लागत असल्यास पाना, एक फडकें, आणि टायरला चीर पडल्यास आंतून लावण्यास जुन्या टायरचा पातळ तुकडा घ्यावा. कार्बन डायऑक्साइडचें नळकांडें क्षणांत चाक भरतें. पण तें बहुधा एकाच चाकास पुरतें, व तो वायु ट्यूबच्या रबरांतून हवेपेक्षां लौकर निसटतो. म्हणून हातपंपास पर्याय नाहीं.

साहित्याहून महत्त्वाचा आहे तो विचार. आमच्या तर्कशास्त्रांत धुरावरून अग्नीचें अनुमान करतात. येथें छिद्रावरून कारणाचें करावयाचें. जवळजवळ दोन समांतर छिद्रें असतील, तर हवा कमी होती व खड्ड्यांत ट्यूब रिमखालीं चिमटली. छिद्र आंतल्या, म्हणजे रिमकडील बाजूस असेल, तर रिमवरील पट्टी सरकून स्पोकच्या भोंकाची कड लागली असावी. बाहेरील बाजूस असेल, तर बाभळीचा कांटा, कांच, किंवा मालमोटारींच्या फुटलेल्या टायरांतून रस्त्यावर पडणारी केसासारखी बारीक पोलादी तार. ही तार डोळ्यांस दिसत नाहीं; टायरच्या आंतून फडकें फिरवावें, म्हणजे तें अडकून जागा सांगतें. टायर बसवितांना त्यावरील नांव नेहमीं व्हॉल्व्हसमोर ठेवावें. मग ट्यूबचें छिद्र सांपडलें कीं टायरमधील जागाही सांपडते. कारण न काढतां नवी ट्यूब घालणें म्हणजे दुसऱ्या पंक्चरला आमंत्रण देणें होय.

कृतींतही क्रम आहे. टायर व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूकडून उचकटावा. नव्या ट्यूबेंत गोल होण्यापुरती हवा भरून ती आंत घालावी, आणि टायर अंगठ्यांनीं दाबीत शेवट व्हॉल्व्हपाशीं करावा. कारण टायरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागांत उतरली म्हणजे ती सैल पडते, आणि व्हॉल्व्हपाशीं ती तशी उतरत नाहीं. पूर्ण हवा भरण्यापूर्वीं ट्यूब कोठें चिमटली नाहीं ना, हें दोन्ही बाजूंनीं फिरून पाहावें.

हें सर्व वाचून येत नाहीं. आज 'ब्रेव्हे' नांवाचे जे प्रवास होतात, त्यांत २०० किलोमीटर साडेतेरा तासांत व ६०० किलोमीटर चाळीस तासांत पुरे करावयाचे असतात, आणि ठरलेल्या ठाण्यांखेरीज बरोबरच्या माणसांची मदत घेणें नियमबाह्य असतें. घाटांत रात्रीं दोन वाजतां मागचें चाक बसलें, तर तेथें शिकण्यास वेळ कोठला? म्हणून प्रवासापूर्वींच्या रविवारीं घरच्या अंगणांत मागचें चाक, साखळीसह, दोनदां काढून बसवावें. दुसऱ्यांदा दिवा मालवून, केवळ बोटांच्या जाणिवेनें.

आपल्या पांढरपेशा घरांतून हात काळे करण्याचा एक सूक्ष्म संकोच पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. मुलाला महागडी सायकल घेऊन देतों, पण पाना हातीं देत नाहीं. मुलीच्या बाबतींत तर 'तिला काय करायचें आहे?' असें म्हणून मोकळे होतों. परंतु निर्जन रस्त्यावर अनोळखी माणसाची वाट पाहात उभें राहावें लागूं नये, अशी इच्छा जिच्याविषयीं आपण अधिक बाळगतों, तिलाच ही विद्या आधीं शिकविली पाहिजे. मुलांना प्रवासास जाऊं द्यावें कीं नाहीं, हा वाद घालण्यापूर्वीं आईबापांनीं त्यांना एवढेंच सांगावें: चाक आमच्यासमोर काढून, ट्यूब बदलून दाखवा, आणि मग खुशाल जा.