मार्क नकोत, प्रश्न द्या!

ऐकायला वेळ नसेल तर हा आजचा भाग वाचून घ्या.

मला सांगा, निबंधाची वही परत मिळाली की तुम्ही आधी काय बघायचात? मार्कच ना! मीही तेच करायचो. दहापैकी पाच, खाली 'अक्षर सुधारा'. वही बंद, विषय संपला. आपल्याला लिहिता येत नाही, हे मी मनाशी पक्कंच करून टाकलं होतं.

आठवीत नवीन बाई आल्या. 'माझं गाव' या निबंधात मी ठोकून दिलं होतं, "आमचे गाव निसर्गरम्य आहे." बाईंनी मार्क दिलेच नाहीत. त्या वाक्याखाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, "तुझ्या दारात उभं राहिलं की काय दिसतं? ते लिहून पुन्हा दाखव."

आधी रागच आला. पण संध्याकाळी दारात उभा राहिलो. समोर हापसा, हंड्या-कळश्यांची रांग आणि नंबरावरून चाललेली भांडणं. तेच लिहिलं. बाईंचा पुढचा शेरा आला, "आता गाव दिसलं. पण हापशाचं पाणी उन्हाळ्यात का आटतं?" मग आजोबांना विचारलं, भूगोलाचं पुस्तक उघडलं. एका प्रश्नामुळे मी निबंधाबरोबर भूजलही शिकलो.

हे फक्त माझ्याच बाबतीत झालं का? तर नाही. 1988 मध्ये रूथ बटलर यांचा इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काही मुलांना फक्त मार्क दिले, काहींना फक्त शेरा, तर काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्या मुलांचं पुढचं काम सुधारलं. गंमत म्हणजे मार्क आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना तसा फायदा झाला नाही. असं का? मार्क दिसले की आपण शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो, शेरा राहतो बाजूला.

मग चांगला शेरा कसा असतो? जॉन हॅटी आणि हेलन टिम्परली यांनी 2007 मध्ये तीन प्रश्न मांडले. मला कुठे पोचायचंय? आत्ता मी कुठे आहे? आणि पुढचं पाऊल कोणतं? आता बघा, 'छान', 'हुशार आहेस' यात पुढचं पाऊल कुठेच नाही. ऐकायला गोड वाटतं, पण करायचं काय ते कळत नाही. आणि शेरा कितीही चांगला असला, तरी वही पुन्हा उघडून लिहिलं नाही तर तो वाया गेला.

एका वर्गात साठ-साठ मुलं असली की प्रत्येक वहीत लांबलचक लिहिणं शिक्षकांना जमत नाही, हे मान्य. पण एक प्रश्न पुरतो. आणि तो आपणही मागू शकतो. पुढच्या वेळी वही, प्रोजेक्ट काहीही परत मिळालं, की 'किती मार्क?' ऐवजी एवढंच विचारा, "सर, यातली एकच गोष्ट बदलायची असेल तर कोणती बदलू?"

उत्तर मिळालं की त्याच दिवशी बदला. भेटू पुढच्या भागात!